कुंकू लागलेली डिजिटल डायरी

"अहो थांबा! सगळे सेल एकदम काढू नका!"

असं ओरडून त्यानं माझ्या हातातली डायरी सरळ ओढूनच घेतली. सातारा स्टँडवर, भर सकाळी, सांगलीच्या गाडीची वाट बघणाऱ्या पन्नास माणसांदेखत! माझ्या एका हातात केसांतून काढलेली पिन, दुसरा हात रिकामा! मी पिन त्याच्यावर रोखली.

"चोर म्हणून ओरडू का?"

"ओरडा की," तो शांतपणे म्हणाला. "पण आधी ऐकून घ्या. ह्यात दोन मोठे सेल हायत आणि एक बारका. मोठे दमले की बारका सगळं धरून ठेवतो. तिन्ही निघाले की डायरी कोरी! मग देव आला तरी काय परत यायचं न्हाई."

"देवाला मध्ये आणायचं काम नाही. आणि अनोळखी बाईच्या हातातून वस्तू ओढायची ही कुठली रीत?"

"तुम्ही पिन आत घातली होती. रीत आठवेपर्यंत कारभार आटोपला असता."

उत्तर तयारच! मला असली माणसं मुळीच आवडत नाहीत. त्यानं खांद्यावरची पकडी-पान्यांची पिशवी खाली ठेवली, डायरी उलटी केली, मागचं झाकण नखानं हलकेच सरकवलं. नखाला लाल लागलं. त्यानं बोट नाकाशी नेलं, डोळे बारीक केले... आणि चक्क हसला.

"कुंकू? मशिनला?"

त्या हसण्यानं माझ्या अंगाची लाही झाली. "दसऱ्याला तुम्ही तुमच्या पकडी-पान्यांची पूजा करत नाही का?"

"करतो की. पण पान्याला बटणं नसत्यात."

गाडी लागली म्हणून, नाहीतर तिथंच रामायण झालं असतं.

पूजा माझ्या आत्यानं केली होती. मनुबाई कीर्तनकार म्हटलं की साताऱ्यापासून आटपाडीपर्यंत लोक हात जोडतात, ती माझी आत्या. नऊवारी नेसून, हातात झांज घेऊन ती उभी राहिली की मांडवातलं तान्हं मूलसुद्धा रडायचं थांबतं. मी तिच्यामागं पेटीवर बसते, आठव्या वर्षापासून. दसऱ्याला आत्यानं पाटावर झांजा मांडल्या, पेटी मांडली आणि शेजारी डायरीही ठेवली. माझा भाऊ फौजेत आहे, त्यानं चार वर्षांपूर्वी सुट्टीवर येताना दिल्लीहून आणलेली. "हीबी आपल्या सेवेतलीच हाय," असं म्हणून आत्यानं तिला हळदीचं पाणी शिंपडलं, ओलं कुंकू लावलं आणि वर झेंडूचं फूल ठेवलं. तिसऱ्या दिवशी डायरीचा पडदा पांढराफटक. साताऱ्यातल्या दोन दुकानदारांनी हात वर केले. स्टँडवर बसल्या बसल्या मीच सेल बदलून बघत होते, तेवढ्यात हा उपटला.

गाडीत आत्या खिडकीशी डोळे मिटून जप करत होती. तो मागच्या सीटवरून वाकून म्हणाला, "सांगलीत गणपती पेठेत माझं दुकान हाय. दिवसा कुपवाडला कारखान्यात असतो, सहानंतर दुकानात. उद्या आणा. नाव काय लिहू?"

"रंगूबाई."

"आजींचं नको, तुमचं सांगा."

"माझंच आहे! आजीचं नाव ठेवलंय मला. काही म्हणणं आहे?"

"काय न्हाई... " तो मागं टेकला. "लय दिवसांनी नाव ऐकलं, एवढंच."

त्याचं नाव जोतिबा. माझ्या नावाला हसणारा स्वतः कोण, तर जोतिबा!

दुसऱ्या दिवशी सांगलीत आत्याचं कीर्तन दुपारीच आटोपलं. संध्याकाळी गणपती पेठेत बारीक पाऊस भुरभुरत होता. दसरा झाला तरी त्याचा पाय निघत नव्हता. दुकान म्हणजे दोन माणसांचे गुडघे एकमेकांना लागतील एवढं. भिंतीवर वीसेक घड्याळं, प्रत्येक वेगळीच वेळ सांगणारं. जोतिबानं एका डोळ्याला भिंग लावलं, बारक्या सेलला हातही न लावता दोन्ही मोठे सेल काढले. त्यांच्याखालच्या पत्र्या हिरव्यालाल झाल्या होत्या. त्यानं खोडरबरानं एकेक पत्री घासली, मग स्पिरिटच्या कापसानं पुसली. आईनं लेकराचं नाक पुसावं ना, तसं. मी त्या बोटांकडं बघत होते हे माझ्या जरा उशिराच लक्षात आलं.

"हसलो काल, ते चुकलंच," तो मान वर न करता म्हणाला.

"चुकलंच. आणि अजून माफ केलेलं नाही."

"राहू दे. सगळं एकदम माफ करू नका, पुन्हा यायला कारण पाहिजे."

मी भिंतीवरची घड्याळं मोजायला लागले. कान मात्र तापले.

त्यानं नवे सेल घातले. बटण दाबल्यावर डायरी "टिक्" वाजली, पण पडदा तसाच कोरा.

"पडदा गेला. हळदीचं पाणी आत उतरलंय. पण आवाज देते, म्हणजे डोकं शाबूत असंल."

"असंल? असंल म्हणजे काय! मला त्यातलं एकेक अक्षर हवंय."

"पडद्यासाठी उघडायचं तर बारका सेलपण सुटणार. मग अक्षरं जाणार. एवढं काय हाय त्यात?"

सांगणार नव्हते. पण त्यानं भिंग काढून सरळ माझ्याकडं बघितलं, आणि संताप बाहेर पडायला वाट मिळाली.

"माझ्या आत्याची आठवण आहे त्यात! चार वर्षांत कुठल्या गावात कुठलं आख्यान सांगितलं, त्याची नोंद. हल्ली ती विसरते. अभंग नाही विसरत, चाली नाही विसरत, गावं विसरते. मागल्या वर्षी आटपाडीकडच्या एका गावात तिनं पुरचुंडीतल्या पोह्यांचं आख्यान लावलं. आधीच्या वर्षीही तेच लावलं होतं, मी डायरी बघितली नव्हती. तर तिथल्या पंचानं माइक हातात घेतला आणि म्हणाला, बाईंचे पोहे शिळे झाले! सगळा मांडव हसला. चाळीस वर्षं जिनं यांच्या डोळ्यांतून पाणी काढलं तिला हसले! त्या दिवसापासून ती गाडीत बसली की मला विचारते, रंगू, हितं आपण काय सांगितलं हुतं गं? आणि मी डायरी बघून सांगते. आता येत्या रविवारी दहिवडीला कीर्तन आहे. तिथं पुन्हा तसं झालं तर ती झांज खाली ठेवेल... कायमची. आणि तुम्ही म्हणता, असंल!"

एवढं बोलून मला धाप लागली. बाहेर पाऊस, आत घड्याळांची टिकटिक. जोतिबा डायरी उलटीपालटी करून बघत राहिला.

"आमच्या कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांकडं ह्याच कंपनीची डायरी हाय," शेवटी तो म्हणाला. "दोन्हींच्या मध्ये वायर लावली की हिच्यातलं तिच्यात जातं. पडदा न्हाई तर न्हाई. साहेबांच्या डायरीवर बघत बघत तुमच्या डायरीची बटणं दाबायची, आंधळ्याला वाट दाखवावी तशी. वायर मुंबईहून मागवावी लागंल. शुक्रवारी फोन करा."

निघताना त्यानं छत्री पुढं केली.

"नको. मी भिजत जाईन."

"मग गळा बसंल. पेटीवाल्यांनाबी झील धरावी लागती की न्हाई?"

छत्री घेतली. रागानंच घेतली.

शुक्रवारी एस.टी.डी. बूथवरून दुकानाशेजारच्या नंबरावर फोन केला. "आलं सगळं! एक अक्षर गेलं न्हाई!" तो आनंदानं ओरडला. मी डोळे मिटून हात जोडले, बूथवाल्यादेखत. मग तो म्हणाला, "पण आज द्यायला जमायचं न्हाई. परवा दहिवडीलाच आणून देतो."

"का?"

"काम हाय जरा."

काम हाय जरा! कीर्तन परवावर आलेलं आणि यांना काम! दुसऱ्या दिवशी पहिली गाडी धरून मी सांगली गाठली. शनिवार, कुपवाडला सुट्टी. दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. जोतिबा मान खाली घालून बसलेला. समोर मॅनेजरसाहेबांची डायरी, हातात पेन, आणि एका लांबट वहीत तो भराभर काहीतरी लिहीत होता. मी मागून डोकावले तेवढ्यात त्यानं डायरीचं पुढचं बटण दाबलं. पडद्यावर माझी नोंद होती. इंग्रजी अक्षरांत, मी माझ्यासाठी केलेली...

"इस्लामपूरचा मुलगा. प्रत्येक उत्तर आईकडे बघून देतो."

मला बघायला आलेल्या मुलांची यादी! अकरा मुलं, नापास होण्याच्या कारणांसकट!

"तुम्ही हे वाचलंत?"

तो दचकून उभा राहिला, भिंतीवरच्या घड्याळावर डोकं आपटलं. "वाचल्याबिगर उतरवायचं कसं? साहेबांना डायरी सोमवारी परत द्यायची हाय, तोवर सगळं—"

"तिथंच थांबायचं होतं! दुसऱ्याचं खासगी वाचायला लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणून ते पान वहीत घेतलं न्हाई." मग हळूच, "पण कीर्तनाला टाइमपास म्हणणाऱ्या वाईच्या पोराला हाकललंत ते ब्येस केलंत."

"हसू नका!"

"हसत न्हाई हो... " आणि हसलाच.

मी वही हिसकावून घेतली. हिसकावायची पाळी आता माझी होती. फाडणारच होते. पण पहिलं पान बघितलं आणि हात थांबला.

टपोरी देवनागरी अक्षरं, एकेक करवंदाएवढं. गावांची नावं तांबड्या शाईत, अकारविल्हे. त्याखाली वर्ष, आख्यान, कुठला अभंग घेतला होता, कुणाच्या घरी जेवण होतं. शेवटी कोरी पानं सोडलेली.

"एवढं मोठं कशाला लिहिलंय?" माझा आवाज अजून चढलेलाच होता.

"आत्याबाईंना चष्म्यातनं दिसावं म्हणून." तो चाचरला. "मी इचार केला... डायरीत सगळं इंग्रजी अक्षरात हाय. त्या वाचणार कशा? त्यांची आठवण, आणि त्यांनाच वाचता येत न्हाई..."

मी तिथल्या स्टुलावर बसले. चार वर्षं! चार वर्षं मी आत्याची आठवण अशा अक्षरांत कोंडून ठेवली होती की तिला दरवेळी माझ्या तोंडाकडं बघावं लागावं. आणि ती बिचारी त्या डायरीला कुंकू लावत होती. आता रागवायचं कुणावर? या परक्या माणसावर रागवणं किती सोपं होतं...

"रडताय?"

"नाही. स्पिरिटचा वास झोंबतोय."

त्यानं स्पिरिटच्या बाटलीकडं बघितलं. तिला बूच लावलेलं होतं. मग त्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि उरलेली गावं लिहायला बसला. मी शेजारी बसून वाचून दाखवू लागले. सांगलीची दुपार कधी कलली ते भिंतीवरच्या वीस घड्याळांपैकी एकालाही नीट सांगता आलं नसतं.

रविवारी दहिवडीला पाऊस नव्हताच. माण तालुक्याच्या वाटेला तो कधी चुकूनच येतो. मांडव मात्र भरला होता. मुंबईहून सणाला आलेले बाप्ये, पोरं मांडीवर घेतलेल्या बाया. आत्यानं चष्मा लावला, वही उघडली, ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचलं.

"दहिवडी. गेल्या साली पोह्यांचं. त्याच्या आदी हत्तीचं." तिनं वही मिटली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "आज कुंभाराचं लावू. पेटी काळी दोनला धर."

माझ्या सुरांवर ती उभी राहिली आणि झांज वाजली... काय सांगू! गेलं वर्षभर तिच्या आवाजात एक भीती बसली होती, ती त्या दिवशी उठून गेली. चिखल तुडवणारा तो भक्त, त्याचं पायाखाली आलेलं लेकरू, आणि त्याला उचलून देणारा देव. शेजारची बाई पदरानं डोळे पुसत होती. पुढं बसलेला म्हातारा धनगर मांडीवर ठेका धरून मोठ्यानं विठ्ठल म्हणत होता. आणि मांडवाच्या टोकाला एका खांबाशी जोतिबा उभा होता. टाळ्या वाजवत, बेतालपणे. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, आणि एक टाळी वेळेवर नाही!

कीर्तन संपलं. बुक्क्यासाठी रांग लागली, तोही रांगेत. आत्यानं त्याच्या कपाळाला बुक्का लावला आणि हात धरून ठेवला.

"कुनाचा रं तू?"

"मी... वही लिहिली ती, आत्याबाई."

"म्हंजी आमच्या कुंकवाला हसला त्यो?" तो लाल झाला. आत्या खुदकन हसली. "हस बाबा. पर आसंच मानसाच्या उपेगी पडत जा. अक्षर लय गोड हाय तुजं." आणि ती मुद्दामच, अगदी मुद्दाम, दहिवडीच्या पंचांच्या बायकोशी बोलायला पलीकडं गेली.

मी पेटीचा भाता बंद करत होते. तो शेजारी येऊन उकिडवा बसला.

"रंगूबाई."

"काय आहे?"

"त्या यादीत अकरा पोरं झाली... " तो पेटीच्या कडीशी चाळा करत होता. "बारावा नंबर लावला तर चालंल का? घर लहान हाय. आई-अण्णा साधे हायत. ताल तर तुम्ही बघितलाच. पण तुम्ही पेटी वाजवायची, गावोगाव जायचं, ते कवाच थांबणार न्हाई, एवढं सांगतो."

बुक्क्याचा वास, पायांची वर्दळ... आणि हा माणूस ही गोष्ट कुठं विचारतोय, तर शंभर माणसांच्या चपलांच्या ढिगाशेजारी!

"असं विचारतात होय?" मी भडकलेच. "काही पद्धत असते की नाही? पुढल्या रविवारी साताऱ्याला या. आई-अण्णांना घेऊन. सकाळी अकराला."

त्याचा चेहरा उजळला. "पोरगी बघायला?"

"मुलगी काय बघायची राहिलीय? मुलगा बघायला! आत्या बघेल, आई बघेल, मी बघेन. प्रश्न विचारू. उत्तर देताना आईकडं बघायचं नाही."

"आणि नापास झालो तर?"

मी पेटीची कडी लावली, उभी राहिले, आणि जेवढ्या रागानं म्हणता येईल तेवढ्या रागानं म्हणाले, "तर त्याच्या पुढल्या रविवारी परत यायचं. पास होईपर्यंत."