केसभर कललेलं हेड

दार लोटून घे रे कोणीतरी. वाऱ्याने भलत्या वेळी आपटलं तर तुम्हीच किंचाळाल.

हं. तर ही माझ्या मावसबहिणीची गोष्ट. ठमी म्हणायचो आम्ही तिला. भुताखेतांना भिणारी नव्हे. पाल दिसली तर शेपटीला धरून बाहेर फेकायची.

थंडीतला शनिवार होता. चंद्र पार मध्यरात्रीनंतर उगवणार, त्यामुळे डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. ठमीचा नवरा तयार माल पोचवायला परगावी गेला होता. निघताना म्हणाला, "अगं, शेडला कुलूप लाव आठवणीने." एवढंच काम. जेवण उरकून ठमी किल्ली घेऊन मागच्या शेडकडे गेली.

शेडमध्ये त्यांचं लोखंड कापायचं छोटं मिलिंग मशीन होतं. त्याच्यावरच घर चालायचं. मशीन घेतलं होतं नवऱ्याने आणि त्याच्या पहिल्या बायकोने मिळून. पहिली तापाने गेली. पुढे ठमी आली. तीही मशीन शिकली, आणि चांगली शिकली. पण काम जरा बिघडलं की नवऱ्याच्या तोंडून निघायचंच, "ती असती तर..."

जिवंत सवतीच्या झिंज्या तरी उपटता येतात. मेलेलीचं काय करणार?

त्यात गेले काही दिवस काम बिघडतच होतं. कापलेल्या तुकड्यावर बोट फिरवलं की बारीक पायऱ्या लागायच्या. नवऱ्याने कटर बदलून पाहिलं, उपयोग शून्य. त्या दिवशी हात झटकून म्हणाला, "ती असती तर नुसतं बघून सांगितलं असतं."

ठमीने कुलूप लावलं नाही. दिवा लावला.

आधी तुकडा पकडणारा व्हाइस उघडून पुसला. आत कचरा नव्हता. टेबल धरून गदगदा हलवलं, ढिलं नव्हतं. मग तिने स्पिंडलला, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्याला, बारीकसा फरकही काट्याने दाखवणारा डायल गेज बांधला आणि हाताने सावकाश गोल फिरवला. डावीकडे काटा शून्यावर. उजवीकडे आला, आणि सरकला. सापडलं! कटर धरणारं हेडच केसभर एका अंगाला कललं होतं. माणसाला केस म्हणजे काहीच नाही रे, मशीनला डोंगर.

तिने पान्याने हेडचे बोल्ट सैल केले. रबरी हातोडीने हलकेच ठोकलं. काटा जागेवर आला. बोल्ट आवळले, तर हेड पुन्हा सरकलं. पुन्हा सैल, पुन्हा ठोक. घाम फुटला, पण मजा यायला लागली. "बघत बस तू," ती पुटपुटली. कोणाला, ते तिलाच ठाऊक.

थोडंच राहिलं होतं. तिने हातोडी उचलली...

टक्.

हातोडी अजून हवेतच होती.

आवाज मशीनच्या पलीकडून आला. पलीकडे भिंत. काटा थरथरला. शून्यावर थांबला.

तिने गेज फिरवला. डावीकडे शून्य. उजवीकडे शून्य.

तुम्ही असता तर धूम ठोकली असती. ठमीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"मला जमत होतं!" ती ओरडली. आणि दाणकन् हातोडी हाणून हेड परत कलवलं.



टक्. शून्य.

तिने परत हाणलं.

टक्. शून्य.

"नवरा माझा आहे आता. मशीनही माझंच. ऐकलंस?"



दिवा गेला.

श्वास नाही. पाऊल नाही. फक्त... लोखंडावर लोखंड. कर्र... कर्र... कोणीतरी बोल्ट आवळत होतं. सावकाश. मन लावून.

ठमी पळाली. बाहेरून कुलूप घातलं. घरात कडी लावून, गुडघे पोटाशी घेऊन, उजाडेपर्यंत बसून राहिली.

सकाळी नवरा आला. कुलूप उघडून थेट मशीनपाशी गेला. गेज फिरवला. परत फिरवला.

"कोणी केलं गं हे?"

ठमी उंबऱ्यावर उभी होती. खरं सांगितलं, तर शाबासकी तिला जाणार. पहिलीला.

"मी," ठमी म्हणाली.

"वा! अगदी तिच्यासारखं केलंस."

ठमी चहा टाकायला वळली.

"पण इतकं घट्ट कोणी आवळतं का?" नवऱ्याने बोल्ट सोडवून पाहिले. पान्याला लांब पाइप लावला. शेजारच्या वेल्डरला बोलावलं. दोघे मिळून लटकले. पाना वाकला, बोल्ट हलले नाहीत. आजतागायत हललेले नाहीत. हेड तसूभर चुकत नाही, आणि ते सरळ करायची पाळी ठमीवर पुन्हा कधी आली नाही.

आणि त्या मापाचा पाना घरात एकच होता, पोरांनो. तो रात्रभर ठमीच्या मुठीत होता.