कानामागचा गोरा ठिपका

समीना मुलाणीनं चहाचा कप तोंडाला लावला आणि ठाण्यातला फोन वाजला. भाटघरच्या धरणात बाईमाणसाचं प्रेत काठाला लागलं होतं. कोंडिबा मासे धरायला गेला आणि जाळं तिथंच टाकून पळत सुटला. चहा राहिला तो राहिलाच. हवालदाराच्या नशिबात गरम चहा नसतोच म्हणा!

मुलगी तरुण होती. तोंड दगडावर आपटून ओळखण्यापलीकडं गेलेलं. अंगावर नऊवारी, पण नेसलेली नव्हे. शिवलेली, मागं हुक लावलेली. असली नऊवारी खेड्यातल्या बाया नेसत नाहीत, सिनेमातल्या खेड्यातल्या बाया घालतात. परवाच धरणावर एका सावळ्या नटीच्या सिनेमाचं शूटिंग झालं होतं. समीनानं मुंबईला शूटिंगच्या मॅनेजरला फोन लावला.

"आमची सगळी माणसं सुखरूप आहेत," एवढं बोलून मॅनेजरनं फोन आपटला.

शूटिंगला गावातली माणसं पुरवायचा तो धनाजी. त्याचीच बहीण मंगल परवापासून बेपत्ता होती आणि आई फुलाबाई ठाण्याच्या पायरीवर ठाण मांडून बसली होती. दोघांना दवाखान्यात नेलं.

धनाजी एकटा आत गेला आणि गेला तसा बाहेर आला.

"आमची न्हाई, म्याडम. आमची मंगल गोरीपान. ही सावळी हाय."

"नीट पाहिलंस?"

"पाहिलं की. शूटिंगला म्या जेवडी मानसं नेली तेवडी माघारी आनली. मंगल कुनासंगं तरी पळाली आसंल."

फुलाबाईला दारातून चादरीबाहेर आलेला पाय दिसला. सावळा पाय. तिच्या जिवात जीव आला, आणि ती चक्क हसली. मग स्वतःचीच लाज वाटून तिनं पदर तोंडाला लावला.

"कुनाची का आसंना, बिचारी. माझी हाय कुठंतरी."

साहेबांनी सांगून टाकलं, कुणी दावा सांगितला नाही तर उद्या बेवारस म्हणून पुरायचं. समीनाच्या मनाला ते काही पटेना. कुणाची तरी लेक, आणि नावाशिवाय मातीत जायची? ती पुन्हा आत गेली.

पोट, पाठ, दंड, पोटऱ्या, सगळं एकाच सावळ्या रंगाचं. उन्हानं रापलेली बाई पोलक्याखाली तरी गोरी राहते, ही तिथंही तेवढीच सावळी. भांगाची रेघ मात्र पांढरी. हातापायावर लव नाही, टाचा घासून गुळगुळीत केलेल्या. डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा फिरवला, तरी रंग हलला नाही.

डाव्या कानामागं बोटाच्या पेराएवढा गोल ठिपका होता. गोरा.

"कोड आहे का हो?" समीनानं विचारलं.

"छे. कोड असं गोल गरगरीत नसतं. अंगाला कसला तरी रंग लावलाय आणि एवढ्या जागी तो धरला नाही. मध्ये काही तेलकट असणार."

रंग लावलाय! सगळा तालुका गोरं व्हायला क्रीम चोपडतो, आणि ही पोर सावळी झाली? कशासाठी?

धनाजीच्या धरणाकाठच्या घरी समीना पोचली तेव्हा फुलाबाई ओट्यावर बसली होती. धनाजी टेम्पो घेऊन गेला होता. त्याच्या बायकोनं, हौसानं, पाण्याचा तांब्या पुढं केला. तिच्या दोन्ही तळव्यांच्या रेघा तपकिरी होत्या.

"हाताला काय झालं गं?"

"आंब्याचा चीक लागला, म्याडम."

"दोन्ही हातांना सारखाच?"

हौसानं हात पदराखाली घेतले. समीना हात धुवायला मोरीत गेली. कोनाड्यात अंग घासायचं वाळलेलं घोसाळं होतं, टाचा घासायची वजरी होती. दोन्हीला तो तपकिरी रंग नव्हता. म्हणजे घासणं आधी झालं होतं.

ती ओट्यावर परत आली.

"मावशी, मंगलला शेवटचं कधी पाहिलंत?"

"शूटिंगच्या आदल्या दिशी सांजच्याला. दिवा लावला, तिच्या कानामागं काजळ लावलं न् म्या आडवी झाली. पहाटं बगती तर हातरून मोकळं."

"काजळ रोज लावता?"

"आता बया! ल्हान हुती तवापास्नं. एरंडेलाच्या दिव्याचं, तुपात खलून. गोरं लेकरू, त्यात धरणात मासोळीवानी पवती, नजर लागती."

"कुठल्या कानामागं?"

"डाव्या."

कोडं सुटलं होतं, आणि समीनाला वाटलं, इथून उठावं, निघून जावं, म्हातारीला आशेवर राहू द्यावं. पण उद्या पुरणार होते. तेवढ्यात अंगणात टेम्पो थांबला.

"धनाजी, खाली उतर. मंगल पळून गेली नाही. ती दवाखान्यात आहे, आणि तू तिला ओळखलंस."

"काय बी काय बोलताय, म्याडम!"

"ऐक. सिनेमातली नटी सावळी. तिच्याऐवजी धरणात उडी मारायला पोहणारी पोर पाहिजे होती. ती तुझ्या घरात होती, पण गोरी. साधा मेकअप पाण्यात धुऊन जातो. म्हणून शूटिंगवाल्यांनी तुला अंगाला लावायचा रंग दिला. रात्रभरात चढतो, धुतला तरी जात नाही. पण आधी कातडी तयार करावी लागते. लव काढायची, अंग घोसाळ्यानं घासायचं, टाचा वजरीनं, आणि तेलाचा थेंब राहू द्यायचा नाही. आपल्या पाठीला आपला हात पोचत नाही, आणि तिची पाठ तर एकसारखी रंगली होती. हौसा, ते तू केलंस. सगळं जपून केलंस, फक्त कानामागं पाहिलं नाहीस. काजळ पाण्यात पुसून गेलं. खाली मंगलचा स्वतःचा रंग राहिला."

हौसानं कपाळावर हात मारून घेतला.

"ह्ये म्हनले, ती मुंबईला गेली शूटिंगवाल्यांसंगं! सासूबाईंस्नी सांगू नगंस, वरडतील म्हनले!"

"पोहणारी पोर बुडाली कशी, धनाजी?"

धनाजी टेम्पोच्या चाकाशी बसला.

"उन्हाळ्याचं पानी लई खाली ग्येलं हुतं. मॅनेजर म्हनला, खोल हाय न्हवं? म्या म्हनलं, व्हय. म्या बगितलंच न्हाई, म्याडम. खाली खडक हुता. ती वर आलीच न्हाई. त्यो म्हनला, बोललास तर तूच आत जाशील. त्येंनी सामान भरलं."

"आणि तू?"

"म्या बी टेम्पोत मानसं भरली न् निघालो."

फुलाबाई एवढा वेळ एकेकाच्या तोंडाकडं बघत होती.

"ती सावळी... माझीच व्हय?"

"हो, मावशी."

"न् म्या तिला बगून हसली," फुलाबाई म्हणाली. हौसा तिला धरायला धावली, तर तिनं तिचे हात झटकून टाकले.

जीप आली. शिपायानं धनाजीला मागं बसवलं. फुलाबाई अनवाणीच उतरून आली आणि जीपची कड धरून उभी राहिली.

"बाई, आजच्या दिस ह्येला नेऊ नगा. घरात दुसरा गडी न्हाई. पोरीला खांदा कोन देनार? आगीन कोन देनार?"

समीनानं मोबाईलवरून साहेबांना विचारलं. साहेब नाही म्हणाले. तिनं पुन्हा विचारलं, तेव्हा ते ओरडले.

"मावशी, मंगलचा घात केला तो ह्यानंच," ती कशीबशी म्हणाली.

"ठावं हाय मला. आत्ता तुमीच सांगितलं न्हवं? पर मला दुसरा हाय कोन?"

समीनानं म्हातारीची बोटं एकेक करून जीपवरून सोडवली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.