तुळजाच्या अंगणातलं काँक्रीट

शेलार गावात ठमाबाईचं अंगण एके काळी इतकं पक्कं झालं होतं, की अंबाडीकडे निघालेला एक ट्रक रस्ता समजून आत वळला आणि ड्रायव्हर चहा पिऊनच बाहेर पडला. पटत नसेल तर सोडा. पण अंगण पक्कं झालं होतं हे खरं, आणि ते प्रेमापायी झालं हे त्याहून खरं.

सिमेंट परमिटवर मिळायचं ते दिवस. ठमाबाईच्या घराला लागून एका शेटचा लूमचा कारखाना उठत होता. कंत्राटदार केसरीनाथ, आणि त्याचा सुपरवायझर अनंता. कुठल्या स्लॅबला किती माल लागेल, सिमेंट किती, रेती-खडी किती मागवायची, सगळं अनंताच्या डोक्यावर. त्याचा अंदाज असा, की स्लॅब भरून झाला की मिक्सर चाटूनपुसून रिकामा. मुंगीला एखादा खडा हवा असला, तर तिनं आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

तर हा अनंता पहिल्या स्लॅबची मापं घ्यायला टेप घेऊन सेंटरिंगच्या फळ्यांवर चढला, आणि खाली तुळजा दिसली. ठमाबाईची लेक. दारात बसून चरख्यावर सूत गुंडाळत लूमच्या कांड्या भरत होती. सुताची पांढरी रुई केसांवर, पापण्यांवर... तिनं वर पाहिलं, एक भुवई उडवली. बस्स. मालाच्या हिशोबात, बीमचा जो भाग स्लॅबच्या जाडीत येतो तो एकदाच धरायचा असतो. अनंतानं तो स्लॅबमध्ये धरला, आणि बीममध्येही धरला.

स्लॅब भरला, माल उरला. कालवलेला माल कुणासाठी थांबत नाही. बघता बघता दगड होतो. म्हणून तो शेजारच्या दारी टाकायची साइटची रीत. अनंता घमेलं घेऊन दारात उभा राहिला.

"माल उरलाय... पायरी करून देऊ?"

"पायरी हाय आमाला," तुळजा म्हणाली. "पण हलते. तुमच्या हिशोबासारखी."

पायरी झाली. पुढच्या स्लॅबला धुण्याचा दगड झाला. मग म्हशीची गव्हाण, मग मोरी, मग अंगणच सरकत सरकत कुंपणाला भिडलं. पहिली चूक चूक होती. बाकीच्या अनंतानं मन लावून केल्या. म्हैस घसरू लागली. सारवायला वीतभर जमीन ठेवली नाही, शेणाचं आता करू काय, म्हणून ठमाबाई गावभर सांगत सुटली. आणि अनंता? माल ओतायचा, थापी मारायचा, तुळजानं चहाचं नाव काढलं की मिक्सर धुवायचाय म्हणून पळायचा.

एके दिवशी केसरीनाथ कुंपणाशी उभा राहिला. अंगण बघितलं, अनंताला बघितलं.

"शेटचा कारखाना बांधतोस, की सासुरवाडी?"

मग त्यानं बजावलं, की परमिटचं सिमेंट आहे. उद्याच्या स्लॅबला एक घमेलं जरी उरलं, तर कायमचं घरी बसायचं. तो शेलारातला शेवटचा स्लॅब होता. नंतर साऱ्यांचा मुक्काम जव्हारला. केसरीनाथाचा आवाज पार दापोडे गावापर्यंत जायचा, तेव्हा तुळजाला सगळं ऐकू गेलंच.

अनंतानं हिशोब चोख केला. दुसऱ्या दिवशी स्लॅब भरला आणि मिक्सर रिकामा. नोकरी वाचली, पण तुळजाच्या दारात जायचं ते आता काय घेऊन? हातपाय धुऊन तो कुंपणापर्यंत गेला, मागे फिरला, पुन्हा गेला...

चरखा थांबला.

"आज काय उरलंय?"

"काय न्हाय उरलं."

"मग?"

"नुसताच आलोय—" अनंता म्हणाला. "उद्या जव्हारला जायचंय. तू येशील? म्हंजे उद्या न्हाय... लगीन करून."

तुळजा हसली नाही. तिनं कांडी खाली ठेवली.

"इतके दिस ओला माल टाकून पळालास. त्याला पाणी कोण मारत व्हतं, इचारलंस कधी? सकाळी, सांजच्याला, हिरीवरनं घागरी आणून... न्हायतर कवाच तडकलं असतं सगळं."

अनंता काँक्रीट ओळखणारा माणूस. पाणी मिळालं नाही तर माल धरत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तो गपकन पायरीवर बसला. तीही बसली... मध्ये वीतभर जागा ठेवून, आणि मग तीही न ठेवता.

आतून ठमाबाईचा आवाज आला, "लगीन करा न्हायतर काय बी करा. पन मांडवाची मुहूर्तमेढ कुठं रोवू? या अंगनात कुदळ जाते का?"

नाहीच गेली. हळदीच्या आधी नवरदेव स्वतः पहार घेऊन आला आणि दिवस कलेपर्यंत ठोकत बसला. तुळजा ओसरीवरून बघत होती. खड्डा काही पडेना. तिनं पाणी फारच मनापासून मारलं होतं.