झाकण येईपर्यंत

आरोहीचा ताप आत्ता कुठे उतरला होता. हर्षालीनं तिला थोपटून झोपवलं, पावलं न वाजवता दारापर्यंत आली... आणि गल्लीच्या तोंडाशी भोंगा गरजला.

"माता-भगिनींनो, आपला हक्काचा माणूस... आपले लाडके भाऊ..."

एका पायात स्वतःची, दुसऱ्यात सासूची चप्पल घालून ती धावतच खाली गेली आणि प्रचाराच्या रिक्षापुढे आडवी उभी राहिली.

"बंद करा. माझं लेकरू झोपलंय."

"हळू करतो ताई."

"हळू नाही, बंद. आणि काय वाजवताय ते स्वतः ऐका तरी. तुमच्या भाऊंनी सोमवारी पक्ष बदललाय. तुम्ही जुन्याच चिन्हाला मतं मागताय."

रिक्षावाल्यानं कान दिला आणि जीभ चावली. "आयला... मागच्या इलेक्शनचं रेकॉर्डिंग लागलं. पण खरं सांगू ताई? चिन्ह सोडलं तर एक शब्द वेगळा नाय. रस्ते, पाणी, गटारी..."

"गटारी? ते बघा." तिनं बोट दाखवलं.

बालवाडीच्या दारासमोर गटाराचं चेंबर आ वासून पडलं होतं. अंबडच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची ही वसाहत. त्या चेंबरला पाच वर्षं झाकण नव्हतं. गेल्या पावसाळ्यात आरोहीचा एक पाय आत गेला होता. फ्रॉकला धरून ओढलं म्हणून वाचली. तेव्हापासून हर्षालीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात ती, सासू कुसाबाई आणि हे एवढंसं पिल्लू. तिनं अर्जावर अर्ज केले. सगळ्या पक्षांच्या माणसांनी माना डोलावल्या, वर हळदीकुंकवाचं आमंत्रण दिलं.

भोंग्यावर एवढा भारदस्त बोलणारा तो माणूस, सिन्नरकडचा गोरक्ष, भोंगा बंद करून खाली उतरला आणि चेंबरमध्ये वाकून बघून आला.

दुसऱ्या दिवशी बाराला, बालवाडी सुटायच्या वेळी, रिक्षा आली. भोंगा बंद. गोरक्षनं ती नेमकी चेंबरवर आणून लावली आणि शेवटचं पोर घरी जाईपर्यंत तिथंच बसून राहिला. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी हर्षाली चहा घेऊन खाली आली.

"रोज इथंच का लावता?"

"सावली हाय."

"झाड तर पलीकडे आहे."

त्याचे कान लाल झाले. "समजलंय, तर विचारता कशाला, ताई?"

"ताई म्हणू नका."

"मग?"

"नाव आहे मला," म्हणाली आणि कप तिथंच विसरून जिना चढली. वर कुसाबाई गॅलरीतून सगळं बघत होत्या. दुसऱ्या दिवशी चहात आलं जरा जास्त पडलं.

रविवारी चौकात भाऊंची सभा होती. बायकांनी ठरवलं होतं, झाकणाचं विचारायचं आणि हर्षालीनंच विचारायचं. तिनं हात वर केला.

"वहिनी, नंतर. ऑफिसला या," कार्यकर्ता महेश पुढं येऊन म्हणाला. भाऊ बोलतच राहिले.

...आणि एकदम त्यांचा आवाज गेला. ओठ हलत होते, भोंगा मुका. माईक गोरक्षचा होता आणि बटणही. त्यानं शांतपणे भाऊंच्या हातातला माईक काढून घेतला, बटण पुन्हा चालू केलं, गर्दीतून वाट काढत आला, तिच्यापुढं धरला.

"बोला. वायर पुरती हाय."

त्याची बोटं क्षणभर तिच्या बोटांवर राहिली. तिचा आवाज आधी कापला, मग नाही.

"भाऊ, पाच वर्षांपूर्वी याच जागी तुम्ही झाकण देतो म्हणालात. तेव्हा पक्ष दुसरा होता, भोक हेच होतं. भाषण नको. तारीख सांगा."

भाऊंनी घड्याळ पाहिलं. "बघू."

"मग चला ना बघायला, पाच पावलांवर तर आहे," मागून पोळीभाजी केंद्राच्या लताबाई म्हणाल्या. बायका खळखळून हसल्या. भाऊंची गाडी निघून गेली आणि संध्याकाळी बालवाडीच्या भिंतीवर हर्षालीच्या अक्षरात पाटी लागली: 'झाकण नाही, तर मत नाही. कुठल्याच पक्षाला.'

सोमवारी बाराला रिक्षा आली, तिच्यावर एकही बॅनर नव्हता. पोरं घरी गेली तरी ती हलली नाही. महेश तणतणत आला. "हलव रे रिक्षा. इथं काय तुझ्या बापाचा स्टँड आहे?"

हर्षाली आरोहीला घेऊन मागच्या सीटवर बसली. "झाकण येईपर्यंत नाही हलणार. तसं कळवा तुमच्या भाऊंना."

फोन कानाला लावत महेश गेला. आरोही हँडलजवळच्या गोंड्याशी खेळायला पुढं सरकली.

"तुमचं काम गेलं ना?" हर्षालीनं विचारलं.

"गेलं. पण एक राहिलंय..." गोरक्षचा हात सवयीनं माईककडं गेला.

"भोंग्यावरून नको."

"मग आवाज फुटत नाय."

"फोडा."

त्यानं माईक खाली ठेवला. आरशातून तिच्याकडं पाहिलं. "तुम्ही... तू मला लय आवडतेस. आरोहीसकट. आणि मी बघू म्हणणारा माणूस नाय."

वरून गॅलरीतून कुसाबाईंचा आवाज आला, "गोरक्ष, मला काही ऐकू नाही आलं रे. भोंगा लाव की."

हर्षालीच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. पण ती पुढं वाकली, तिनं स्वतःच बटण दाबलं, माईक उचलला आणि सगळ्या वसाहतीला ऐकू जाईल असं म्हणाली,

"भाषण नको. तारीख सांगा."