समासातली आठवी खुर्ची

दिवे मालवल्यावर काकांनी उशी पाठीशी घेतली. "हसणार असाल तर आत्ताच झोपा," ते पुतण्यांना म्हणाले. "माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय हे."

साडू अभिलेखागारात नोंदी ठेवायचा. एकोणतीस नोव्हेंबर, शनिवार. निवृत्तीला एक दिवस उरलेला. एका दिवंगत पुढाऱ्याच्या हस्तलिखित टिपणांचा गठ्ठा यादीशी ताडून सोपवायचा, एवढंच काम होतं. हा पुढारी सभेत कंटाळला की कागदाच्या समासात रिकाम्या खुर्च्या काढत बसायचा. यादीत त्यांचीही मोजदाद होती. पान एक्केचाळीस : सात खुर्च्या. साडूला दिसल्या आठ.

"तुम्हीच काढली असणार," मोठे साहेब म्हणाले.

"अहो, ही शाईची आहे! त्या खोलीत पेन नेऊ देता का तुम्ही? शिसपेन्सिल तेवढी चालते."

"यादी जुळल्याशिवाय सुटका नाही. नाहीतर चौकशी."

साडूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बत्तीस वर्षं कागदाला कधी बोटाचा डाग लागू दिला नव्हता त्याने, आणि जाता जाता हा ठपका!

रात्रीचे पावणेबारा. खोलीत तो एकटा. दोऱ्याने बांधलेल्या दांडीचा चष्मा सावरत त्याने खुर्च्या मोजल्या. आठ. उलट्या बाजूने मोजल्या. आठ. भिंग लावलं. आठच!

शेवटी तो त्या पानावरच खेकसला, "साहेब, जन्मभर लोकांना सभेत ताटकळत ठेवलंत. आता तरी सभा संपवा! मला घरी जायचंय हो!"

शांतता...

मग मागे खुर्ची सरकली.

खोलीत खुर्ची एकच होती. तिच्यावर तो स्वतः बसला होता.

मान वळवायची छाती झाली नाही. पानाकडे पाहिलं...

सात.

त्याने गठ्ठा सोपवल्याच्या ताबापत्रावर पेन्सिलीने 'सात' लिहिलं. सही केली. कागद खिशात कोंबला आणि घर गाठलं.

घरी घडी उघडली.

काका थांबले.

"तो कागद मोठ्या साहेबांना दाखवायची सोय राहिली नाही. अजून त्याच्याच कपाटात आहे. मी पाहिलाय. सहीशेजारी, समासात, शाईने काढलेली एक खुर्ची... पण रिकामी नाही. कोणीतरी बसलंय तिच्यावर. चष्मा लावून."

"आणि?"

"एक दांडी दोऱ्याने बांधलेली."