चौकटीखालचा काठ

चित्रकाराच्या डोक्यावर एक नाही, सात घाव होते. डॉक्टरांनी ते मोजून फौजदारबाईंना सांगितले. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी मुडदे बरेच पाहिले होते, पण एवढा राग नाही. रंग घोटायचा दगडी बत्ता प्रेताजवळच पडला होता, केसांसकट.

समोर भिंतीला टेकवलेलं भलंमोठं चित्र. कमरेइतक्या पाण्यात उभी, मागे वळून पाहणारी मुलगी, हातात विझलेला कंदील. शेजारी वहीचं जुनं पान टाचलेलं होतं. त्यावरच्या कवितेतली मुलगी प्रियकराची वाट पाहून थकते आणि शेवटी नदीलाच वाट विचारते. रक्ताच्या चिळकांड्या मुलीच्या केसांवर, नदीवर आणि दोन्ही बाजूंच्या भिंतीवर उडाल्या होत्या. सोनेरी चौकट मात्र नवी कोरी, लखलखीत.

चित्रकाराची बायको दुपारी दोनला घरी आली आणि तिने त्याला मांडीवर घेतलं, म्हणून तीही कोपरापर्यंत लाल. साहेबांचं फोनवरच ठरलं होतं: बायकोच, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

"सकाळी भांडण झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं. या चित्रावरून."

"कोण ही?"

"माझ्याआधीची. यानं फसवलं, ती नदीत गेली. कविताही तिचीच. आता तिच्याच मरणावर हा नाव कमवायला निघाला होता."

"मुलगी कुणाची?"

"ते यानंही कधी विचारलं नाही." मग तिने हळूच विचारलं, "माझी छोटी शेजारी आहे. तीनच वर्षांची. तिला कोण आणेल?"

बाईंनी तिला ठाण्यात पाठवलं. मग त्यांनी ही चौकट बनवणाऱ्या फ्रेमवाल्या काकांना बोलावून घेतलं. वाळकुडा, मितभाषी म्हातारा. बाराला येऊन चौकट बसवली, साडेबाराला निघालो, चित्रकार दारापर्यंत सोडायला आला, असं त्यांनी सांगितलं. चित्र त्याआधी पाहिलं नव्हतं, फक्त मापं मिळाली होती. बोलताना ते छताकडे पाहत होते, जमिनीकडे पाहत होते. चित्राकडे एकदाही नाही.

बाई चौकटीवरून बोट फिरवत राहिल्या. भिंतीवर रक्त, चित्रावर रक्त, आणि मधल्या चौकटीवर थेंबही नाही. रक्त काय जागा बघून उडतं?

"काका, जरा चौकट उतरवा."

म्हाताऱ्याने एकेक खिळा काढला. चौकट निघाली. तिच्याखाली झाकला गेलेला बोटभर काठ उघडा पडला. त्या काठावरही रक्त होतं, अगदी टोकापर्यंत.

"खून झाला तेव्हा चौकट नव्हती," बाई म्हणाल्या. "ती नंतर बसली. मागे खिळे सारख्या अंतरावर, वर कागदी पट्टी, कोपरे नीट दुमडलेले, कुठे डाग नाही. रक्तानं माखलेल्या बाईला हे जमणार नाही. हात धुऊन, सवयीनं केलेलं काम आहे हे. तुमचं. आज चित्र पहिल्यांदा पाहिलंत आणि समोर कोण दिसलं, काका?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं.

"माझी पोर. तिचं अक्षरही तेच. त्याला ठाऊक नव्हतं मी कोण. मला हसत म्हणाला, बिचारी फार हळवी होती."

"मारलंत. मग पळायचं सोडून चौकट कशाला बसवलीत?"

"निघालो होतो. दारातून मागे पाहिलं, ती तशीच उघडी. दुसऱ्यांच्या एवढ्या तसबिरी मढवल्या मी. तिला कशी टाकून जाऊ?"

बाई म्हणाल्या, "ठाण्यात त्याची बायको बसली आहे. तिचीही पोर आहे, तीन वर्षांची."

हे म्हाताऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी विचारलं, चौकट परत बसवू का?

"नाही, काका. पुरावा आहे तो."

बाईंनी फोन उचलला आणि बायकोला आधी तिच्या मुलीकडे पोचवायला सांगितलं.