हिरवा ठिपका

रेवूबाईच्या दंडावरचा ठिपका काही केल्या लाल होईना, म्हणून तिच्या घरचं धान्य बंद झालं होतं.

गरीब कोण, हे आता दाखल्यांवरून ठरत नसे. दाखले खोटे निघतात, रक्त खोटं बोलत नाही. म्हणून सरकारने प्रत्येकाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा ओढमापक बसवला होता. माणसाला हवं असतं ते आणि मिळतं ते, यांतल्या अंतराने रक्तात जी तगमग उठते, ती हे यंत्र मोजी. तगमग वाढली की ठिपका लाल, आणि धान्य दारात.

"आजी, तुम्हाला भूक लागत नाही का?" कल्याण केंद्रातल्या डॉ. शलाका वर्दे यांनी विचारलं.

"लागते की! पण घरात काही नसलं की देवाचा उपास समजायचा. पाणी प्यायचं, नाम घ्यायचं. नातीलाही तीच सवय लावलीय." मांडीवरची चार वर्षांची वेणू काडीसारखी, गप्प.

"तिथंच चुकलं. पोट रिकामं, पण मन शांत. यंत्राला तुम्ही दोघी सुखवस्तू दिसता."

"आणि आमच्या गल्लीतल्या बंगलेवाल्याला धान्य कसं मिळतं?"

"त्याने मागवलेली नवी गाडी अजून आली नाही. तगमग खरी आहे त्याची." डॉक्टर ओशाळून हसल्या. "नियम मी नाही केला, आजी. तुमचं मन आता वळायचं नाही, पोरीचं वळेल. घरात एक ठिपका लाल झाला तरी पुरे. तिला काहीतरी हवंसं वाटू दे. उद्या घरी मोजणीवाला येईल."

सकाळी रेवूबाईने देवापुढे दिवा लावला. शेजारणीकडून मागून आणलेल्या पिठाची भाकरी थापली, वर गूळ ठेवला. वेणूने पहिला घास घेतला. तिचे डोळे लकाकले. दुसऱ्या घासाला रेवूबाईने ताट काढून घेतलं.

पोर किंचाळली. दंड लालभडक.

"देवा, हात झडू दे माझा," रेवूबाई पुटपुटली. पण मोजणी होईपर्यंत ताट परत दिलं नाही.

धान्य आलं. मग दर मोजणीला हेच: भाकरी, गूळ, एक घास.

श्रावणातल्या मोजणीला वेणूने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. ठिपका हिरवागार.

"सुधारलं म्हणायचं घर!" मोजणीवाला दारातूनच बघून हसला आणि धान्याच्या यादीतलं नाव कापून निघून गेला.

"खा गं बाई," रेवूबाईने घास तिच्या तोंडाशी नेला. "आता नाही घेणार. देवाशपथ."

वेणूने ताट हळूच तिच्याकडे सरकवलं.

"घे ना, आजी. मला नकोच होतं."